उंबऱ्यावरचे स्पेन सर

सर आमच्या घरात कधी सरळ शिरले नाहीत. चपला बाहेर काढायच्या, उंबऱ्याच्या अलीकडं पाय जोडून उभं राहायचं, मान किंचित खाली घालायची आणि विचारायचं, "येऊ का?" मग घरातल्या कर्त्या माणसानं "या" म्हणेपर्यंत हलायचं नाही. कर्ता माणूस म्हणजे आमचे दादा. ते रेल्वेत गार्ड होते. ड्यूटी नसली की पूर्णेच्या आमच्या घरात घोरत असायचे आणि ड्यूटी असली की कुठल्यातरी गाडीच्या शेपटाला हिरवा झेंडा हलवत असायचे. त्यामुळं "या" म्हणायला ते सापडणं मोठं मुश्कील. आई आतून ओरडायची, "अहो सर, या की! आमच्यातच राहता, परके हाव का तुमी?" सर तिथूनच सांगायचे, "वहिनी, वर्दी दिल्याशिवाय वकील दरबारात शिरत नसतो." एकदा भर वैशाखात दादा मागच्या अंगणात आंघोळ करत बसले आणि सर उन्हात उभे. शेजारच्या काकूंना वाटलं, सर कसलातरी नवस फेडायलेत.

वकील म्हणजे कोर्टातला नव्हे. जुन्या काळी एक राजा दुसऱ्या राजाकडं आपला माणूस ठेवायचा, तो वकील. आज आपण त्याला राजदूत म्हणतो. सर आमच्या घराच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहायचे. त्यांचं दार गल्लीत उघडायचं, आमचं त्याच्या शेजारी. पण सरांच्या लेखी ते दोन मुलूख होते आणि मधे सरहद्द होती.

आमच्या गावातल्या ज्युनिअर कॉलेजात सर इतिहास शिकवायचे. मी तिथंच तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते, त्यामुळं सर मला घरीही दिसायचे आणि स्टाफरूममध्येही. पुस्तकातला इतिहास ते दिवाळीच्या आत उरकायचे. मग खडू खाली ठेवायचे, हात झटकायचे आणि म्हणायचे, "आता स्पेन." स्पेनच्या राजांनी परमुलखात पाठवलेले वकील हा सरांचा जन्माचा विषय. पोरं त्यांना स्पेन सरच म्हणायची. याच विषयावर त्यांनी पीएच.डी.ला नाव घातलं होतं. पहिले मार्गदर्शक निवृत्त झाले. दुसरे म्हणाले, विषय बदला. सरांनी मार्गदर्शक बदलला, मग मार्गदर्शकांनी सरांचा नाद सोडला, आणि पीएच.डी. राहिली ती राहिलीच.

दादा त्यांना विचारायचे, "सर, मराठ्यांचे वकील निजामाच्या दरबारात होतेच की. घरचं सोडून हे स्पेनचं कामून काढलंत?" सरांचं उत्तर दरवेळी निराळं. कधी म्हणायचे, "मराठ्यांवर लय गर्दी आहे, बसायला जागा मिळत नाही." कधी म्हणायचे, "निजाम आपल्या बोलण्यात इतका मुरलाय, वेगळा कशाला शिकायचा?" एकदाच नीट बोलले. "दादा, मी औरंगाबादच्या पुढं गेलो नाही कधी. ज्याला जाता येत नाही त्याला गेलेल्यांचं कौतुक असतं." दादांनी त्यावर मान हलवली. त्यांचंही आयुष्य गाडीतच गेलं होतं, पण ठरलेल्या दोन-तीन रुळांवर.

सरांच्या तोंडून ऐकताना ते वकील आमच्याच भावकीतले वाटायचे. एक होता लंडनला. बिचारा एका गवंड्याच्या घरी भाड्यानं राहायचा आणि जेवायला राजवाड्यात जाऊन बसायचा. इंग्रज दरबारी त्याला हसायचे. आईनं पिठलं-भाकरीचं ताट पाठवलं की सर म्हणायचे, "आज लंडनवाल्याची आठवण झाली." दुसरा निघाला होता इराणच्या शहाकडं, तो वाटेत गोव्यात अडकला आणि पोर्तुगीज त्याला पुढं जाऊ देईनात, वर्षं गेली. या माणसाबद्दल सरांना विशेष माया होती. "एवढा जवळ होता हो," असं म्हणायचे, जणू गंगाखेडपर्यंत येऊन परत गेला. आणि सगळ्यांचा राजा म्हणजे समरकंदचा. स्पेनच्या राजानं त्याला तैमूरलंगाकडं पाठवलं. समुद्र, डोंगर, वाळवंट तुडवत तो गेला. वाटेत त्याला इजिप्तच्या सुलतानाची माणसं भेटली, तीही तैमूरकडंच चाललेली, आणि त्यांच्याबरोबर नजराणा म्हणून एक जिराफ. सर वर्गात जिराफाची मान हातानं दाखवायचे तेव्हा त्यांच्या शर्टाची कडा पँटमधून बाहेर यायची आणि पोरं टाळ्या वाजवायची. दरबारात स्पेनच्या वकिलाला आधी चीनच्या वकिलाच्या खाली बसवलं होतं. तैमूरनं ते पाहिलं आणि त्याला उठवून वर बसवलं. हे सांगताना सर स्वतः खुर्चीवरून उठून शेजारच्या खुर्चीवर बसायचे. एवढं सगळं होऊन वकील परत निघाला तो उत्तराशिवायच. तैमूर आजारी पडला होता, पत्राचा जबाब कुणी दिलाच नाही.

"मग सर, एवढं जाऊन फायदा काय?" एका पोरानं विचारलं होतं.

"जे बघितलं ते सगळं येऊन सांगितलं त्यानं. अजून काय पाहिजे?" सर म्हणाले.

हे सगळं ऐकायला गमतीचं, पण सरांच्या हातात कारभार दिला की गंमत वाढायची. एका वर्षी स्नेहसंमेलनाला दोन प्रमुख पाहुणे आले. संस्थेतल्या दोन गटांनी आपापला बोलावलेला. समई आधी कोणी लावायची यावरून प्राचार्यांना घाम फुटला. सरांनी व्यासपीठाच्या बरोबर मधोमध खडूनं रेघ ओढली, समई रेघेवर ठेवली आणि दोघांना दोन बाजूंनी एकदमच आणलं. दोन काडेपेट्या, दोन वाती. नंतर स्टाफरूममध्ये आम्हाला सांगितलं की फ्रान्स आणि स्पेनचे कारभारी असेच सरहद्दीवरच्या नदीतल्या एका बेटावर भेटले होते, निम्मं घर याच्या हद्दीत, निम्मं त्याच्या. प्राचार्य म्हणाले, "सर, तुमी नसता तर आज माझी इज्जत गेली असती." सर म्हणाले, "लंडनला नुसत्या घोडागाडीचा नंबर आधी लावायचा म्हणून स्पेनच्या वकिलाच्या आणि फ्रान्सच्या वकिलाच्या माणसांत मारामाऱ्या झाल्यात. आपलं काडेपेटीवर भागलं." स्वतःचं लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं की म्हणायचे, बोलणी करायला माझ्यासारखा मध्यस्थ मिळाला नाही.

आता आमच्या घरातली गोष्ट सांगते, कारण सर मला आठवतात ते तिच्यापायी.

माझी मोठी बहीण, आमची ताई, पाथरीला दिली. लग्न थाटात झालं, आणि बिघडलं ते टॉवेल-टोपीत. आमच्याकडं लग्नात वरपक्षाच्या मानकऱ्यांना टॉवेल-टोपीचा आहेर करतात, माइकवरून नावं पुकारून, मानाच्या क्रमानं. ताईचे थोरले सासरे, म्हणजे तिच्या सासऱ्यांचे मोठे भाऊ, त्यांचं नाव पहिलं पुकारलं. ते नेमके मांडवाबाहेर तंबाखू मळत उभे होते. माणूस त्यांना हाक मारायला पळाला. पण दादा गार्ड. गाडी कुणासाठी थांबत नसते हे त्यांच्या हाडीमासी खिळलेलं. त्यांनी पुढचं नाव घ्यायला सांगितलं, मग पुढचं, मग पुढचं. थोरले सासरे हात झटकत आत आले तेव्हा बँडवाल्यांचेसुद्धा टॉवेल देऊन झाले होते. दादांनी घाईघाईनं त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली, त्यांनी ती काढून मांडीवर ठेवली.

पहिल्या नागपंचमीला लेक माहेरी यायची म्हणून दादांनी मुराळी पाठवला. सासरहून लेकीला आणायला जातो तो मुराळी. आमचा मुराळी कायमचा ठरलेला, चुलतभाऊ बंडू. तो हात हलवत परत आला. व्याह्यांनी निरोप दिला होता की मानपानाचं बोलायचं असेल तर पाव्हण्यांनी स्वतः यावं. दादा म्हणाले, "मी का म्हणून जाऊ? येळेवर हजर ऱ्हायचं त्यांचं काम होतं." हिवाळ्यात ते थोरले सासरे वारले. दादांची ड्यूटी होती, बंडू जाऊन भेटून आला. दुसऱ्या पंचमीला बंडू पुन्हा गेला आणि पुन्हा हात हलवत आला. "ती येत न्हाई म्हणाली," एवढंच सांगितलं. फोन व्हायचे. ताई म्हणायची, सगळं ठीक आहे. पण आई पंचमीला पुरणाचे दिंड उकडायची आणि ताईच्या वाटणीचे काढून झाकून ठेवायची, ते दुसऱ्या दिवशी आम्हीच खायचो. अंगणातल्या लिंबाला झोका बांधायचं तिनं सोडून दिलं.

तिसरी पंचमी जवळ आली तेव्हा आईनं दादांना न विचारता सरांना विचारलं. "सर, ताईला आणायला तुमी जाऊन येता का? मुराळी म्हणून?"

सर जेवता जेवता थांबले. इतकी वर्षं ते दुसऱ्यांचे वकील सांगत आले होते, त्यांना स्वतःला आजवर कुणी कुठं पाठवलं नव्हतं. हात धुऊन ते गल्लीत गेले, चपला काढल्या आणि उंबऱ्यासमोर उभे राहिले. "येऊ का?"

दादा घरात होते. "या की. आत्ताच तर जेवत होता इथं."

"आता कामानं आलोय," सर म्हणाले. "पाठवणारा मालक तुम्ही. तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी जाणार नाही. काय सांगायचं, काय सोडायचं, तेही सांगा."

दादांनी आईकडं रागानं बघितलं, मग चष्मा पुसला. "पोरीला धाडा म्हणावं. बास. अजून काय सांगायचं?"

"नजराणा?"

"टॉवेल-टोपी न्या एक. चांगली न्या," दादा म्हणाले.

सरांनी मला बरोबर घेतलं. वकिलाबरोबर दुभाषी लागतो, म्हणाले. पाथरीत कसला दुभाषी लागतो ते मला कळलं नाही, पण ताईला भेटायला मिळणार म्हणून मी निघाले. पॅसेंजरनं मानवत रोडपर्यंत आणि तिथून जीपनं पाथरी. सरांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि टॉवेल-टोपीची पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. जीपमधल्या बाईनं विचारलं, "साईबाबाच्या जन्मस्थानाला चाललाव का?" सर म्हणाले, "नाही, वकिलीला." ती बाई जरा सरकून बसली.

ताईच्या सासरी मी सरळ आत शिरले. ताई मला गच्च मिठी मारून रडली, तिच्या सासूबाई हसल्या. सर बाहेर. "येऊ का?" सासूबाई म्हणाल्या, "या ना." सर म्हणाले, "घरधनी आले की येतो." ताईचे सासरे बी-बियाणाच्या दुकानात गेलेले. सर उन्हात उभे राहिले, पिशवी हातात. गल्लीतली पोरं जमली, दोन म्हातारे ओट्यावर येऊन बसले, एकानं बिडी पुढं केली, ती सरांनी हात जोडून नाकारली. ताई मला म्हणाली, "हे सर खरंच असे आहेत का?" मी म्हणाले, "याहून आहेत."

सासरे आले ते ही गर्दी बघून घाबरलेच. सगळं कळल्यावर मात्र त्यांचा चेहरा असा खुलला! म्हातार्‍यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, याला म्हणत्यात रीत. या सर, या!" सरांनी उंबरा ओलांडला, टॉवेल-टोपी दोन्ही हातांनी दिली, पाणी घेतलं, चहा घेतला, पाऊस कसा काय ते विचारलं, आणि मग म्हणाले, "पंचमीला लेकीला न्यायला आलोय. तिच्या वडिलांनी पाठवलंय."

"मी कवा अडवली?" सासरे म्हणाले. "पहिल्या साली आमाला राग होता, खोटं कशाला बोलू. पण माझ्या भावानंच तो घालवला. आता तीच जात न्हाई. इचारा तिला."

ताई दाराशी उभी होती. ती खालच्या आवाजात बोलू लागली आणि बोलता बोलता तिचा आवाज चढला. "सर, थोरल्या मामांनी तो टोपीचा राग सहा महिनेपण नाही ठेवला. मला लेकीसारखं जपलं त्यांनी. सकाळी माझ्या हातचाच चहा लागायचा. ते गेले तेव्हा सगळ्या सुनांचे बाप आले. माझ्या बापानं बंडूला धाडलं. एवढ्या पाव्हण्यांत मी मान खाली घालून बसले. लग्नाला, पंचमीला मुराळी चालतो, सर. दुखवट्याला माणूस आपल्या पायानं येतो. दादांना सांगा, आता मुराळी नको. ते आले की मी येते."

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग उभे राहून ताईला म्हणाले, "जसं बोललीस तसंच सांगेन." परतीच्या वाटेवर स्पेनचं नाव नाही. मानवत रोडच्या फलाटावर बाकावर बसल्यावर मात्र मला म्हणाले, "इतके वकील वाचले, वकीलच नको असा जबाब घेऊन कुणी परतलेला मला आठवत नाही." त्यांच्या आवाजात कौतुक होतं आणि भीतीही होती.

घरी पोचलो तर दादा ओसरीत बसलेले. सर उंबऱ्याबाहेर उभे. "येऊ का?"

"या. आणली का?"

"सांगतो," सर म्हणाले आणि आधी आईकडं वळले, कारण आई डोळ्यांत प्राण आणून बघत होती. त्यांनी सगळं सांगितलं. ताई जरा भरलीय अंगानं. हातात हिरव्या बांगड्या आहेत. सासू तिला नावानं हाक मारते, 'ए पोरी' म्हणत नाही. परसात तिनं पपई लावलीय, ती डोक्याच्या वर गेली. घरात मोठ्यानं हसत नाही, पण बोलताना मान वर असते. आई पदर तोंडाला लावून ऐकत होती आणि मधेच म्हणत होती, "अजून? अजून काय बघितलं?" मी ताईशेजारी अर्धा दिवस बसले होते आणि यातलं निम्मंही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मग सर दादांकडं वळले आणि ताई जसं बोलली होती तसंच बोलले. एक शब्द गाळला नाही. मान खाली घालून बसल्याचंसुद्धा.

दादांचा चेहरा काळवंडला. "तुमाला पोरगी आणायला धाडलं होतं का मला शिकवायला?"

"शिकवत नाही, दादा. तिचा निरोप सांगतोय."

"निरोप सांगायची गरज न्हाई. तुमी तुमचं बघा. अन् खोली बघा दुसरीकडं."

आई म्हणाली, "अहो, काय बोलायलात!" पण दादा उठून आत गेले होते. दुसऱ्या दिवशी सरांनी पेटी भरली. मी मदतीला गेले तर हसून म्हणाले, "लंडनहून एका स्पेनच्या वकिलाला हाकलून दिलं होतं. पण त्याला परक्या राणीनं हाकललं. मला आपल्याच दरबारानं. इतिहासात नवीनच आहे हे." हसले, पण पुस्तकं बांधताना त्यांच्या हाताला सुतळीची गाठ लागेना, ती मी मारली. ते स्टेशनच्या पलीकडं एका खोलीत राहायला गेले.

त्यानंतर घरात रोज तेच. संध्याकाळी आई सवयीनं सरांच्या वाटणीचा चहा कपात ओतायची आणि मग कपाकडं बघत बसायची. दादा ते बघायचे. पंचमीच्या दोन दिवस आधी सकाळी उठून बघतो तर दादा घरात नाहीत. ड्यूटी नव्हती. गणवेश खुंटीला होता. आईनं कपाट उघडलं आणि मला हाक मारली. तिथं ठेवलेली दुसरी नवी टॉवेल-टोपी नव्हती. आई तिथंच खाली बसली आणि रडली आणि मग लगेच उठून हरभऱ्याची डाळ निवडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा आले, मागं ताई. पाथरीला काय झालं ते मला ताईनं सांगितलं. दादा दारात आले, चपला काढल्या, पाय जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "येऊ का?" सासरे घरात नव्हते. दादा उन्हात उभे राहिले. ताईनं आत बोलावलं तरी हलले नाहीत. गल्लीतले तेच म्हातारे पुन्हा ओट्यावर येऊन बसले. सासरे आले आणि त्यांचा हात धरून आत घेऊन गेले. थोरल्या सासऱ्यांच्या फोटोखाली दादा बसले, फोटोसमोर टॉवेल-टोपी ठेवली आणि मान खाली घातली. मग एवढंच म्हणाले, "गाडी लेट झाली पाव्हणे. लय लेट झाली." ताई हे सांगताना हसत होती आणि डोळे पुसत होती.

पंचमीला लिंबाला झोका बांधला. ताई आणि मी आळीपाळीनं बसलो, आमच्या वजनानं फांदी कुरकुरली. आईनं दिंड उकडले. ताटं घेताना ती एकदम थांबली आणि मला म्हणाली, "जा, सरांना घेऊन ये." मी धावतच गेले. सर खोलीत वाचत बसले होते. ताई आली म्हटल्यावर पुस्तक मिटून त्यांनी डोळे मिटले. "आली?" म्हणाले. "राजीखुशीनं आली ना? हसत?" मी म्हणाले, "चला, जेवायला बोलावलंय."

"कुणाकडून आलीस?"

"आईकडून."

सर उठता उठता परत बसले. "मग येता नाही यायचं. ज्यानं घालवलं त्यानं बोलावल्याशिवाय वकील परत जात नसतो. राग नाही हां मला. वहिनींना सांग, राग नाही. रीत आहे."

माझा मात्र संताप झाला. म्हटलं, स्पेनच्या राजांना गाडून शतकं झाली आणि इकडं दिंड गार व्हायलेत. घरी येऊन मी हे दादांसमोरच तावातावानं सांगितलं. दादांनी ताटावरून हात मागं घेतला, उठले, पायात चपला सरकवल्या. मी मागं मागं गेले. रूळ ओलांडून ते सरांच्या खोलीशी गेले. दार उघडंच होतं, पण त्यांनी चपला काढल्या आणि उंबऱ्याच्या अलीकडं पाय जोडून उभे राहिले.

"येऊ का?"

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सर दाराशी आले. त्यांनी दादांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि शांतपणे विचारलं, "कुणाकडून आलात?"

"कुणाकडून न्हाई," दादा म्हणाले. "माझा मीच आलोय."

"या," सर म्हणाले, आणि बाजूला झाले. तो "या" अजून माझ्या कानात आहे. नंतर दोघं रुळांवरून सोबत चालत आले, आमच्या दारात आल्यावर सर पुन्हा थांबले आणि दादा ओरडले, "या हो आता, पुरे!" त्या दिवशी सरांनी किती दिंड खाल्ले ते आई पुढं वर्षानुवर्षं सांगायची.

सर निवृत्त होईपर्यंत आमच्याच पुढच्या खोलीत राहिले. मग ते त्यांच्या गावी, राणीसावरगावला, धाकट्या भावाच्या घरी गेले. पंचमीला त्यांचा फोन यायचा. "लेक आली का?" एवढंच विचारायचे. माझं लग्न झालं, मी परभणीला आले, ताईची मुलं मोठी झाली, आई गेली, दादा माझ्याकडं राहायला आले. दादांचे गुडघे आता अजिबात साथ देत नाहीत. स्पेनचं कुठंही काही आलं, फुटबॉलचं का असेना, की ते टीव्हीचा आवाज मोठा करतात.

या उन्हाळ्यात सर गेल्याचा फोन आला. मी दादांना म्हटलं, "एवढ्या उन्हात तुमी नका येऊ. राणीसावरगाव काय जवळ आहे का? मी जाऊन भेटून येते, तुमच्या वतीनं." दादांनी माझ्याकडं बघितलं. काठी हातात घेतली आणि दारात जाऊन उभे राहिले.

गंगाखेडहून जीप केली. सरांच्या भावाचं घर रस्त्यालगत. दादांनी बाहेर चपला काढल्या, काठी भिंतीला टेकवली, कुणाचा हात धरू दिला नाही. उंबऱ्याच्या अलीकडं पाय जोडून उभे राहिले.

"येऊ का?"

सरांच्या भावाची सून आतून म्हणाली, "या ना बाबा, या." दादा हलले नाहीत. तिनं पुन्हा बोलावलं. तिला वाटलं त्यांना ऐकू येत नाही, म्हणून ती जवळ येऊन मोठ्यानं म्हणाली. मी तिला हातानं थांबवलं. आत भिंतीशी सरांची खुर्ची दिसत होती. दादा तिकडं बघत होते. ऊन त्यांच्या टकलावर पडलं होतं. बराच वेळ ते तसेच वाट बघत राहिले.

मग अगदी हळू म्हणाले, "आलोय सर. माझा मीच आलोय," आणि उंबरा ओलांडला.